काचबिंदू आणि कॉर्नियाचा कडकपणा: मोजमाप कुठवर आले?

डोळ्याच्या आतला दाब आपल्याला थेट मोजता येत नाही. सुई घालून मोजता येतो, पण तसे कुणी ओपीडीत करत नाही. मग तो बाहेरून अजमावायचा: डोळ्यापुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, दाबून पाहायचा आणि तो किती जोराने दबतो यावरून आतल्या दाबाचा अंदाज बांधायचा. काचबिंदूचे निदान, उपचार आणि पुढची देखरेख गेली शंभर वर्षे बरीचशी या अंदाजावर चालली आहे. पण कॉर्निया स्वतःच कडक असेल तर तो आत दाब नसतानाही लवकर दबणार नाही, आणि मऊ असेल तर दाब असूनही दबेल. मोजतो आहोत ते डोळ्याचे प्रेशर की कॉर्नियाचा स्वभाव, हा प्रश्न जुना आहे.

गेल्या वीस वर्षांत त्याला दुसरा प्रश्न जोडला गेला. कॉर्नियाचा स्वभाव ही मोजमापातली नुसती अडचण आहे, की काचबिंदू कुणाचा बळावणार याची ती खूणही आहे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. लेखांत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत त्यांची सर्रास सरमिसळ होते, आणि माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ तिथूनच येतो. म्हणून आधी पहिला प्रश्न, मग दुसरा, आणि शेवटी बीडसारख्या जिल्ह्यात या साऱ्याचे काय करायचे ते पाहू.

प्रेशर, नस आणि उशीर

काचबिंदूत डोळ्याच्या मागची नस हळूहळू सुकत जाते. सुरुवात कडेच्या नजरेपासून होते, त्यामुळे रुग्णाला बराच काळ काही जाणवत नाही. गेलेली नजर परत येत नाही. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज रॉनी जॉर्ज आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत सापडलेल्या दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना आपल्याला हा आजार आहे हेच ठाऊक नव्हते.

आपल्याकडे त्यात आणखी एका समजुतीची भर पडते. मोतीबिंदू ‘पिकला की काढू’ ही सवय गावोगावी पक्की आहे, आणि काचबिंदूलाही लोक तोच न्याय लावतात. नजर अंधुक झाली तरी शिबिर लागेपर्यंत थांबतात. मोतीबिंदूत थांबून फारसे बिघडत नाही, काचबिंदूत सगळेच बिघडते.

नस सुकण्यामागे अनेक कारणे असली, तरी औषधाने किंवा शस्त्रक्रियेने कमी करता येते असे एकच: डोळ्याचे प्रेशर. सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा ही मर्यादा धरतात. पण २६ असूनही वर्षानुवर्षे नस शाबूत राहिलेले लोक असतात आणि १५ असूनही नस सुकलेले असतात. संशोधक कॉर्नियाकडे वळले ते या विसंगतीमुळे.

गोल्डमनचे गृहीतक

नॉर्वेच्या शियोट्झ यांनी १९०५ मध्ये आणलेले उपकरण साधे होते. रुग्णाला उताणे निजवायचे, बधिर करणारा थेंब टाकायचा, डोळ्यावर वजन ठेवायचे आणि ते किती रुतते ते पाहायचे. बाल्टिमोरचे जोनास फ्रीडनवाल्ड यांनी १९३७ मध्येच दाखवले की हा आकडा डोळ्याच्या एकूण ताठरपणावर अवलंबून असतो, आणि त्यासाठी त्यांनी गणिती गुणकही दिला. म्हणजे कडकपणाची चर्चा आजच्या यंत्रांबरोबर आलेली नाही.

स्वित्झर्लंडचे हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात वेगळी वाट काढली. कॉर्निया रुतवायचा नाही, ठरावीक आकाराचा छोटा भाग फक्त सपाट करायचा. ज्याने स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या भिंगाच्या यंत्रावर, हे काम केले आहे त्याला ते दृश्य पाठ असते. डोळ्यात पिवळा रंग, त्यावर निळा उजेड, आणि भिंगातून दिसणारी दोन हिरवट अर्धवर्तुळे. बाजूचे चाक हळूहळू फिरवत न्यायचे. अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना नेमक्या भिडल्या की चाकावरचा आकडा वाचायचा. रुग्णाने श्वास रोखला किंवा गळ्याशी कॉलर घट्ट असली, तरी आकडा वर सरकतो.

सपाट करायच्या भागाचा व्यास ३.०६ मिलिमीटर आहे. तो असा निवडला की कॉर्नियाचा विरोध आणि अश्रूंच्या थराची ओढ एकमेकांना जवळजवळ रद्द करतील. हे गणित साधारण ५२० मायक्रॉन जाडीच्या कॉर्नियासाठी बसते. माणसांचे कॉर्निया फारसे वेगवेगळे नसतील असे गृहीत धरले होते. जाडीने फरक पडू शकतो याची कल्पना गोल्डमन यांना होती, पण त्या काळी जाडी सहज मोजता येत नव्हती.

जाडीचा काळ

पुढे ती सहज मोजता येऊ लागली. १९७५ मध्ये एलर्स यांनी दर ७० मायक्रॉनमागे सुमारे ५ मिलिमीटर पाऱ्याची दुरुस्ती सुचवली. नंतरच्या अभ्यासांत हा फरक बराच कमी निघाला, आणि प्रत्येक गटाने आपापले कोष्टक काढले.

खरी कलाटणी मिळाली ती २००२ मध्ये. अमेरिकेतल्या ‘ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी’त प्रेशर जास्त पण नस शाबूत असलेले १,६३६ लोक होते. प्रेशर उतरवणारे थेंब दिलेल्यांपैकी पाच वर्षांत ४.४ टक्क्यांना काचबिंदू झाला, न दिलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना. त्याच माहितीतून दिसले की ज्यांचा कॉर्निया ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ होता, त्यांना ५८८ च्या वर जाडी असलेल्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट धोका होता. जाडी मोजणे तेव्हापासून नित्याचे झाले.

हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येतो का? इथे महाराष्ट्रातला एक अभ्यास कामी येतो. नागपूरची सूरज आय इन्स्टिट्यूट आणि जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास यांच्या गटाने २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. त्यांच्या कॉर्नियाची सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन. चेन्नईच्या पाहणीतही आकडे याच्या आसपास आले, आणि तिथे ग्रामीण लोकांची जाडी शहरी लोकांपेक्षा थोडी कमी होती. अमेरिकेतली ५५५ ची रेघ विदर्भातल्या खेड्यावर ओढली तर बहुसंख्य गावकरी ‘जास्त धोक्या’त मोडतील. ते अर्थातच खरे नाही. ती रेघ आधीच प्रेशर जास्त असलेल्या अमेरिकी रुग्णांतून आली आहे. तरी शहरांतल्या रिपोर्टवर ५२० ला ‘पातळ’ असा शेरा मारलेला अजून दिसतो.

दुरुस्तीच्या कोष्टकांचे पुढे काय झाले? २०१२ मध्ये जेम्स ब्रँट आणि सहकाऱ्यांनी त्याच अमेरिकी अभ्यासाची माहिती पुन्हा तपासली. जाडीनुसार प्रेशर दुरुस्त केल्याने काचबिंदूचे भाकीत सुधारत नाही, असे त्यांना आढळले. युरोपातल्या काचबिंदू तज्ज्ञांच्या संस्थेनेही अशी सूत्रे वापरू नयेत असेच म्हटले आहे. जाडीची नोंद ठेवावी, तिच्यावरून प्रेशरमध्ये बेरीज-वजाबाकी करू नये, इथे आता बऱ्यापैकी एकमत आहे. अपवाद लेसरने चष्मा घालवलेल्यांचा. त्यांचा कॉर्निया मुद्दाम तासलेला असतो आणि प्रेशर हमखास कमी वाचले जाते. अशी तरुण मंडळी आता बीड-परळीतही आहेत. पन्नाशीत डोळे दाखवायला येतील तेव्हा लेसरचे कागद हाताशी असतीलच असे नाही.

फुंकर आणि दोन शिखरे

एकाच जाडीचे दोन कॉर्निया सारखे कडक असतात असे नाही. आत कोलॅजनचे धागे कसे विणले आहेत, पाणी किती आहे, वय काय, यावर ते ठरते. ते मोजायचे यंत्र २००५ मध्ये डेव्हिड ल्यूस यांनी मांडले: रायकर्ट कंपनीचे ऑक्युलर रिस्पॉन्स ॲनालायझर. चष्म्याच्या दुकानातही असते तसे फुंकरीचे यंत्रच, पण एक गोष्ट जास्त करणारे. फुंकरीने कॉर्निया आत जाताना एकदा सपाट होतो, मग खोलगट होतो, आणि परत येताना पुन्हा सपाट होतो. दोन्ही वेळी परावर्तित उजेडाचे शिखर दिसते. जाताना जास्त दाब लागतो, येताना कमी दाबाला तो सपाट होतो. दोन्ही दाबांतला फरक म्हणजे कॉर्नियल हिस्टेरेसिस. निरोगी डोळ्यात तो साधारण १० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. रुग्णाला एवढेच कळते की फट्दिशी वारा लागला आणि डोळा मिटला.

इथे थांबून एक भेद नीट केला पाहिजे, कारण अनेक लेख तो गाळतात. हिस्टेरेसिस म्हणजे कडकपणा नव्हे. मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये स्प्रिंग आणि तेल असे दोन भाग असतात. स्प्रिंग किती ताठ आहे ही एक गोष्ट, तेल धक्का किती जिरवते ही दुसरी. हिस्टेरेसिस हे तेलाचे माप आहे. वयाबरोबर कॉर्निया कडक होतो आणि हिस्टेरेसिस घटतो. केराटोकोनसमध्ये कॉर्निया मऊ पडून पुढे शंकूसारखा येतो, आणि तिथेही हिस्टेरेसिस घटतो. एकच आकडा कडक आणि मऊ दोन्हींत खाली जात असेल, तर ‘हिस्टेरेसिस कमी म्हणजे कॉर्निया मऊ’ हे वाक्य लिहिता येत नाही.

कडकपणाच्या जास्त जवळ जाणारे यंत्र त्यानंतर आले. जर्मनीच्या ऑक्युलस कंपनीचे कॉर्विस फुंकर मारताना सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रे घेते. जेमतेम ३० मिलिसेकंदांत कॉर्निया किती खोल गेला, किती वेगाने, किती रुंद खड्डा पडला, हे सारे मोजते. ओहायोच्या सिंथिया रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी त्यावरून कडकपणाचे निर्देशांक काढले. लिव्हरपूलच्या अहमद एल्शेख यांच्या गटाने कॉर्नियाचा परिणाम वगळून प्रेशर देणारे सूत्र बसवले. आपल्याकडे बंगळूरच्या नारायण नेत्रालयात अभिजित सिन्हा रॉय यांनी अशा फुंकरीच्या चित्रांचे गणित बरेच पुढे नेले, पण तिथला भर मुख्यतः केराटोकोनस आणि लेसर शस्त्रक्रियेवर आहे.

कॉर्निया न दाबता कडकपणा मोजायची धडपडही चालू आहे. जुलियानो स्कार्सेली आणि सोक-ह्युन युन यांनी २००८ मध्ये डोळ्याच्या ऊतींसाठी ब्रिलुआँ सूक्ष्मदर्शन दाखवले, ज्यात विखुरलेल्या प्रकाशाच्या रंगातल्या सूक्ष्म बदलावरून आतला ताठरपणा काढतात. तो आकडा ऊतीतल्या पाण्यावरही अवलंबून असतो, हा त्यावरचा मोठा आक्षेप आहे. या सगळ्या पद्धती ‘कडकपणा’ हाच शब्द वापरतात, पण त्यांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. प्रयोगशाळेत पट्टी ताणून काढलेला आकडा आणि जिवंत डोळ्यावर काढलेला आकडा यांत शेकडो पटींची तफावत येऊ शकते.

धोक्याची खूण: बाजूचा पुरावा

आता दुसरा प्रश्न. २००६ मध्ये नेथन काँग्डन आणि सहकाऱ्यांनी नोंदवले की ज्यांची फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या आवाक्याची तपासणी, बिघडत चालली होती त्यांचा हिस्टेरेसिस कमी होता. तो अभ्यास मागे वळून पाहणारा होता. २०१३ मध्ये फेलिपे मेडेरोस यांच्या गटाने ६८ रुग्णांचे ११४ डोळे सरासरी चार वर्षे पाहिले. हिस्टेरेसिस १ मिलिमीटर पाऱ्याने कमी असेल तर नजरेचा निर्देशांक दरवर्षी पाव टक्का जास्त वेगाने घसरतो, असे दिसले. त्याच वर्तुळातून २०१८ मध्ये संशयित रुग्णांवरचा अभ्यास आला: हिस्टेरेसिस १ ने कमी, तर पुढे काचबिंदू होण्याचा धोका सुमारे एकपंचमांश जास्त. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत ज्याची नस जास्त खराब त्याचा हिस्टेरेसिस कमी, असेही काही गटांनी दाखवले. हा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो, कारण वय, आनुवंशिकता आणि खाणेपिणे दोन्ही डोळ्यांना सारखेच असते.

या बाजूचा तर्क असा. नस डोळ्यातून जिथे बाहेर पडते तिथे जाळीदार पडदा असतो. प्रेशरचा मार खरा तिथे बसतो. क्लॉड बर्गॉइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काचबिंदूकडे पाहण्याची जी यांत्रिक चौकट मांडली, तिचा गाभा हाच. कॉर्निया, पांढरा पडदा आणि ही जाळी एकाच डोळ्याच्या भिंतीचे भाग आहेत; मग पुढच्या भागाचा स्वभाव मागच्याची कल्पना देईल. २००८ मध्ये वेल्स आणि सहकाऱ्यांनी प्रेशर तात्पुरते वाढवून पाहिले. काचबिंदूच्या रुग्णांत नसेचा पृष्ठभाग किती हलतो याचा संबंध हिस्टेरेसिसशी दिसला, जाडीशी नाही. अमेरिकेत २०१५ पासून या तपासणीला बिलासाठी स्वतंत्र कोडही आहे.

आक्षेप

दुसरी बाजू हे आकडे नाकारत नाही, त्यांचा अर्थ नाकारते. पहिला आक्षेप कार्यकारणाचा. प्रेशर वाढले की हिस्टेरेसिस आपोआप घटतो. प्रेशर उतरले की वर येतो. मग कमी हिस्टेरेसिस हे कारण, की वाढलेल्या प्रेशरची सावली?

दुसरा आक्षेप थेंबांचा. लॅटानोप्रोस्टसारखे सर्वाधिक वापरले जाणारे थेंब कोलॅजनची घडणच बदलतात, आणि कॉर्निया किंचित पातळही करतात. बहुतेक अभ्यासांतले रुग्ण आधीच थेंबांवर होते. कॉर्विसच्या अभ्यासांतला विरोधाभासही यातूनच येत असावा. काहींना काचबिंदूत कॉर्निया कमी दबणारा दिसला. प्रेशर सामान्य असलेल्या काचबिंदूत इतरांना तो जास्त दबणारा दिसला.

तिसरा आक्षेप आनुवंशिकतेच्या अभ्यासातून आला. २०२० मध्ये चाळीस हजारांहून अधिक लोकांच्या जनुकांवरून केलेल्या विश्लेषणात असे दिसले की पातळ कॉर्निया हे काचबिंदूचे कारण असण्याची शक्यता नाही. हा निष्कर्ष जाडीपुरता आहे, हिस्टेरेसिसला तो तसाच लावता येणार नाही, पण सावध करायला पुरेसा आहे.

चौथा मुद्दा मला सर्वांत रोचक वाटतो: कडक भिंत चांगली की वाईट? साधे तर्कशास्त्र म्हणेल, भिंत मजबूत तर नस सुरक्षित. २०१४ मध्ये एलिझाबेथ किंबॉल आणि हॅरी क्विग्ली यांच्या गटाने उंदरांच्या डोळ्याचा पांढरा पडदा रसायनाने कडक करून पाहिला. प्रेशर वाढवल्यावर कडक डोळ्यांतली नस जास्त खराब झाली. उंदराच्या नसेची रचना माणसापेक्षा वेगळी आहे हे खरे. तरी भिंत कडक करून काचबिंदू रोखू अशी आशा असणाऱ्यांना तो निकाल विचार करायला लावतो.

आणि एक प्रयोग झालेला नाही: हिस्टेरेसिस पाहून उपचार ठरवले तर अधिक लोकांची नजर वाचते का? जाडीच्या बाबतीतही तो झाला नव्हता, पण जाडीच्या मागे निदान १,६३६ लोकांचा नियंत्रित अभ्यास होता.

बीडच्या ओपीडीतून

बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८५ हजार होती. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘स्वाराती’, हा इथला मोठा आधार. बाकी आष्टी-पाटोद्याकडचा माणूस अहिल्यानगर गाठतो, गेवराईचा छत्रपती संभाजीनगर किंवा जालना, आणि परळीकडचा लातूर.

कॉर्नियाच्या मोजमापाचा प्रश्न इथे दोन अंगांनी येतो. एक, डोळ्याला लागणारे पाचट. ऊस तोडताना पात्याची कड डोळ्यात गेली की कॉर्नियाला जखम होते, उपचार लांबले की पांढरा डाग राहतो. डागाच्या जागी कॉर्निया ओबडधोबड असतो, गोल्डमनची अर्धवर्तुळे वेडीवाकडी दिसतात, फुंकरीचे यंत्र आकडा देते पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. अशा डोळ्यात आणि अगदी निरोगी डोळ्यातही सोपी सोय म्हणजे नस पाहणे. बाहुली मोठी करून नसेचा खड्डा पाहायला कॉर्नियाचा कडकपणा आड येत नाही.

दुसरे, भारतातल्या काचबिंदूचा मोठा हिस्सा अरुंद कोनाचा असतो. त्यात डोळ्याच्या आतले पाणी बाहेर पडायची कोनातली वाटच बंद होते. ते ओळखायला कॉर्नियावर भिंग टेकवून कोन पाहावा लागतो, म्हणजे गोनिओस्कोपी, आणि ती हात बसलेल्या डॉक्टरचे काम आहे. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास उघड्या कोनाच्या काचबिंदूवरचे आहेत. महागडे यंत्र घेण्याआधी जिल्ह्याने गोनिओस्कोपी शिकलेले हात वाढवावेत, असे मला वाटते. यंत्राच्या बाजूचे डॉक्टर म्हणतील की फुंकर तंत्रज्ञही मारू शकतो, कोन तंत्रज्ञाला पाहता येत नाही. त्यांचेही म्हणणे खोटे नाही.

मराठवाड्यातल्या कॉर्नियांचा कडकपणा कसा असतो, ऊन, धूळ, कुपोषण, मधुमेह यांचा त्यावर काय परिणाम होतो, हे विचारण्याजोगे आहे. पण तसा अभ्यास करायचा तर त्याची आखणी इथल्या आयुष्यावर बेतावी लागेल. मोजमाप पहिला थेंब टाकण्यापूर्वी व्हायला हवे, नाही तर थेंबाचा परिणाम आणि आजाराचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. दोन्ही डोळे मोजायला हवेत. अरुंद कोनाचे रुग्ण वेगळे धरायला हवेत. आणि पुढची तपासणी दसरा-दिवाळीनंतर ठेवून चालणार नाही, कारण तोवर ऊसतोडणीचा कोयता घेतलेली जोडपी कोल्हापूर-सांगलीच्या नाही तर कर्नाटकातल्या फडावर गेलेली असतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, परत येत नाहीत. त्या पाच-सहा महिन्यांत थेंब चालू राहिले की संपले, हे विचारून लिहून ठेवले नाही, तर उन्हाळ्यात मोजलेल्या हिस्टेरेसिसचा अर्थ कुणालाच लावता येणार नाही.